बसवलंय, हे कुठल्या कलमात?

“पंच कुठायत? आदी पंच आना, मग ताडपत्रीला हात लावा!”

ही आरोळी उठली आणि नाक्यावर खोळंबलेल्या बावीस गाड्यांची इंजिनं आपोआप बंद पडली. मी फुगवून सांगतो असा माझ्यावर घरचा आरोप आहे, म्हणून नीट आठवून सांगतो : तेवीस होत्या. जतच्या पुढं, जिथं आपला डांबरी रस्ता संपतो आणि कर्नाटकाचा जरा बरा डांबरी रस्ता सुरू होतो, तिथं भर दुपारी बॅरिकेडच्या मधोमध दोन्ही हात पसरून आमचे मामा उभे होते. समोर मिसरूड नुकतंच फुटलेला एक फौजदार, त्याच्या मागं तीन शिपाई, शिपायांच्या मागं तंबू, आणि तंबूतल्या लोखंडी बाकावर सकाळी आठ वाजल्यापासून बसवून ठेवलेला आमचा बिरू. बाहेर उन्हात बिरूची पिकअप, आणि पिकअपमध्ये तीन पोती भंडारा, म्हणजे देवावर उधळायची हळद. ती दिवस मावळायच्या आत सीमेपलीकडच्या माळावर बिरोबाच्या देवळात पोचायला हवी होती. जत्रेत पहिली मूठ उधळायचा मान बिरूच्या घराण्याचा. मावळतीपर्यंत त्यांचा भंडारा आला नाही तर मान भावकीकडं जातो, आणि एकदा गेलेला मान परत मागायची तिकडं रीत नाही. बिरूचा म्हातारा बाप सकाळपासून देवळाच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून उभा होता. हळद माझ्या सांगलीच्या गिरणीतली होती, गाडी बिरूची होती, मान म्हाताऱ्याचा होता. आणि या सगळ्याची राखण मामांच्या हातात होती. म्हणजे काय होतं, ते कळायला आधी मामा कळले पाहिजेत.

मामा म्हणजे आमच्या आत्तीचे मालक. कृष्णेच्या उगमापासून ती कर्नाटकात शिरते तिथपर्यंत गाडीच्या झडतीचा कायदा एवढा कोळून प्यालेला माणूस झालेला नाही, आणि त्या कायद्यावर एवढी माया करणारा तर खुद्द पोलिसांतही नाही. वास्तविक मामा वकील नव्हेत. तालुक्याच्या कोर्टात ते पट्टेवाले होते आणि त्यांचं काम पुकाऱ्याचं. दाराबाहेर उभं राहायचं आणि पक्षकाराच्या नावानं तीनदा ओरडायचं : “अमुक अमुक, हाजिर हैऽऽ?” तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. त्या आवाजाबद्दल कोर्टात अजून बोलतात. मामांनी पुकारा केला की समोरच्या वडावरची वटवाघळं दिवसा उठायची, एसटी स्टँडवरचा कंडक्टर बेल मारायचा, आणि एकदा तर चार वर्षं फरार असलेला आरोपी बाजारात वांगी निवडता निवडता “आलो, आलो” करत पिशवीसकट आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. पुकारा झाला की मामा दाराला टेकून उभे राहायचे आणि आतलं सगळं ऐकायचे. म्हणजे जन्मभर त्यांनी कायदा दाराच्या फटीतून ऐकला. वकिलांनी तो पुस्तकातून वाचला, त्यामुळं वकील तो विसरले. मामांचा पक्का राहिला.

निवृत्त झाल्यावर ते मलकापुरात राहायला आले आणि आत्तीचे दिवस बदलले. एके दिवशी धुण्याला टाकायचा म्हणून तिनं त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. मामा कडाडले, “थांब! पंच कुठायत?” आत्ती म्हणाली, “आवं, पंच कशाला? म्या हाय की.” “तू फिर्यादी हायस. फिर्यादीला पंच हुता येत न्हाई.” आत्तीनं शेजारच्या दोन बायका बोलावल्या. मामांनी आधी तिघींना हात झटकून दाखवायला लावले, मग खिसा उघडला, आणि मग वहीत लिहिलं : “कंगवा एक, दात चार कमी. तंबाखूची पुडी एक, अर्धवट. औषधाची चिठ्ठी एक, औषध आणलेले नाही.” शेवटच्या वाक्यावर दोन्ही पंचांनी मामांना असं काही झापलं की औषध त्याच दुपारी आलं. मामांना मात्र त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ते आठवडाभर सांगत होते, “बघितलंस का? रीतीनं झडती झाली की खरं भायेर येतं. आरोपीचंबी भलंच हुतं.”

“रीतीनं” हा मामांचा शब्द. पोलिसांशी त्यांचं कसलंही वैर नव्हतं. पोलिसानं गाडी अडवली की ते खाली उतरून कडक सलाम ठोकायचे आणि म्हणायचे, “साहेब, तुमी अडवू शकता. कागद मागू शकता. संशय आसंल तर उघडूनबी बघू शकता. म्या आडवा येनार न्हाई. फकस्त संशय कशाचा, ते आदी लिवा. गावातली दोन चांगली मानसं पंच म्हनून बोलवा. आन माझ्या गाडीत हात घालायच्या आदी तुमची झडती आमाला द्या.” हे शेवटचं ऐकून शिपाई गार पडायचे. पण ती खरीच जुनी रीत आहे : झडती घेणाऱ्यानं आधी स्वतःचे खिसे पालथे करून दाखवायचे, म्हणजे त्यानंच काही आणून टाकलं असं कुणी म्हणू नये. मिरजेच्या पुढं एका दांडग्या हवालदाराला मामांनी अशीच अंगझडती द्यायला लावली, तर खिशातून बायकोनं दिलेली यादी निघाली : कोथिंबीर, कढीपत्ता, दही, आणि खाली दोन रेघा मारून “विसरलात तर घरी येऊ नका.” हवालदाराचा चेहरा एवढासा झाला. तो विसरला होता. मामांनी आमच्या गाडीत मागं ठेवलेली कोथिंबिरीची जुडी काढून त्याच्या हातात दिली आणि वहीत लिहिलं, “जुडी एक, खुशीने दिली.” तेव्हापासून तो हवालदार मामांना पाहिला की लांबूनच दोन्ही खिसे बाहेर काढून उभा राहतो.

गाडी न बघताच सोडली तर मामांना अपमान वाटायचा. आत्तीला घेऊन आम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला निघालो होतो. वाटेत एक नाका लागला, आणि शिपायानं मोबाइलमधून मान वर न काढता हातानं ‘जावा जावा’ केलं. मामा म्हणाले, “गाडी मागं घे.” मी म्हणालो, “आवं मामा, सोडलंय की.” “सोडलंय व्हय? बघितलंच न्हाई त्यानं! मागच्या शिटावर मी बाँब घिऊन बसलोय का आत्ती, हे त्याला कवा कळनार?” आत्ती म्हणाली, “बाँब परवडला.” गाडी मागं घेतली. शिपायाला खाली वाकायला लावून, आत्तीच्या पिशवीतली खणा-नारळाची ओटी दाखवून, त्याच्याकडून “बघितलं” असं वदवून घेऊन मगच मामांनी निघू दिलं. तेवढ्यात सव्वीस गाड्या मागं साचल्या आणि यमाईची आरती चुकली. देवीनं समजून घेतलं असावं. आत्तीनं अजून घेतलेलं नाही.

मामांच्या आयुष्यात दुःख एकदाच आलं, आणि ते सरकारनं आणलं. जुना फौजदारी कायदा गेला, नवा आला, आणि मामांची सगळी कलमं हलली. ज्याला ते तीस वर्षं एकशे पासष्ट म्हणत होते, त्याचं एका रात्रीत एकशे पंच्याऐंशी झालं. शंभरचं एकशे तीन झालं. मी भेटायला गेलो तर मामा ओसरीवर सुतक पडल्यासारखे बसलेले. म्हणाले, “सख्ख्या भावांची नावं बदलली रं. आता हाक कशी मारू?” मी म्हणालो, “मामा, आत मजकूर जवळपास त्योच हाय.” “मजकूर त्योच आसंल, गड्या, पर पुकारा नावानंच करावा लागतोय.” पंधरा दिवस ते जेवणात लक्ष नसल्यासारखे वागले. सोळाव्या दिवशी नवं पुस्तक घेऊन आले, खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि पहिल्या पानावर लिहिलं : “जुनी नावे विसरू नयेत.” नव्यात त्यांना एक गोष्ट मात्र फार आवडली. झडतीचं आता मोबाइलवर चित्रीकरण करायचं असतं. “ह्ये झ्याक झालं. आता पंच मेला तरी झडती जित्ती.”

तर असे मामा त्या दुपारी नाक्यावर उभे होते. बिरू पहाटेच माझ्या गिरणीतून भंडारा भरून निघाला होता, आणि आम्ही दोघं जत्रेला म्हणून मागून माझ्या व्हॅननं येत होतो. सगळा घोळ झाला होता तो साधासाच. फौजदार नाशिककडचा, नवा, आणि स्वभावानं प्रामाणिक. वरून आदेश होता : सीमेवर प्रत्येक मालाचा मालक आणि कागद बघायचा. त्यानं बिरूला विचारलं, “माल कुणाचा?” बिरू म्हणाला, “बिरोबाचा.” “बिल?” “देवाला बिल कसलं वो?” “मग या बिरोबाला बोलव.” बिरू म्हणाला, “त्यो येत न्हाई. आपुनच जायाचं आसतंय.” हे ऐकून फौजदाराला वाटलं की पोरगा टोलवतोय, आणि त्यानं त्याला तंबूत नेऊन बाकावर बसवलं. फोनही काढून घेतला. मी पुढं होऊन हळदीची हकिकत सांगितली, पण तोवर मामांनी आवाज लावलेला होता, आणि मामांचा आवाज लागला की बाकीच्यांचं बोलणं म्हणजे पावसात उदबत्ती.

“साहेब, ह्या पोराला अटक केलीया का?”

“नाही हो काका. अटक कशाला? नुसतं बसवलंय.”

मामांच्या चेहऱ्यावर मी त्या वेळी जो आनंद पाहिला तो त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता. जन्मभर जिची वाट बघितली ती बस एकदाची आली, आणि तीही रिकामी, असा तो आनंद. त्यांनी पिशवीतून खाकी कव्हरचं पुस्तक काढलं आणि फौजदाराच्या हातात दिलं.

“ह्यात ‘बसवलंय’ हा शबुद दावा.”

“अहो, म्हणायची पद्धत आहे ती.”

“पद्धत न्हवं, कलम दावा. अटक हाय, तर कारन लिहून द्या, पोराच्या घरच्याला कळवा, चोवीस तासांत कोर्टाफुडं न्या. अटक न्हाई, तर त्यो मोकळा हाय; त्याला वाटलं तर बसंल, वाटलं तर उठंल. ह्या दोन्हीच्या मदी सरकारनं बाकडं ठेवल्यालं न्हाई. बसवलंय, हे कुठल्या कलमात?”

फौजदारानं खरोखर पानं चाळली. माणूस सरळ होता. मी त्याच्या कपाळावरचा घाम बघत होतो आणि सूर्य कुठवर आलाय ते बघत होतो. शेवटी तो म्हणाला, “काका, शब्द सोडा. मालाचा मालक समोर आला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे माझं. कोण आहे हा बिरोबा?”

मामा म्हणाले, “हजर व्हायचं म्हनताय न्हवं? मग पुकारा करू?”

फौजदार बिचारा म्हणाला, “करा.” त्याला काय माहीत.

मामा दोन पावलं मागं सरले. टोपी सारखी केली. डावा हात कानावर ठेवला. आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा, भर रस्त्यावर, माळावर, उन्हात तो आवाज सुटला :

“बिरोबाऽऽऽ, हाजिर हैऽऽऽ?”

रांगेतल्या गाड्यांमधून जत्रेला निघालेली सगळी धनगर मंडळी खाली उतरली. दुसरा पुकारा झाला. लांब माळावरची मेंढरं चरायची थांबली. तिसऱ्या पुकाऱ्याला रांगेतून शेकडो गळ्यांनी जबाब आला, “बिरोबाच्या नावानं चांगभलंऽऽ!” आणि त्याच क्षणी तंबूतून एक बारीक आवाज आला, “हाय जीऽ!” आणि बाकावरून उठून बिरू बाहेर येऊन उभा राहिला. पोरगं नवसाचं, म्हणून बापानं नाव देवाचंच ठेवलेलं. हाक मारायला बिरू, पण लायसनवर बिरोबा. कोर्टाचा पुकारा कधी न ऐकलेल्या त्या पोराला वाटलं, आपलंच नाव घेतंय कुणीतरी, आता गेलं पाहिजे.

मामांनी हात कानावरून काढला. “घ्या साहेब. मालक हजर.”

फौजदार आधी रागानं बघायला लागला. मग एक शिपाई फिसकन हसला, दुसरा बॅरिकेडला धरून वाकला, आणि फौजदारालाही राहवेना. हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं. पण सरकारी नाक्यावर हसून काही संपत नाही. बसवलेल्याची खबर त्यानं सकाळीच वर दिली होती, आता वरून निरोप येईतो सोडायचं कसं? त्यानं वर फोन लावला. वरचे साहेब मीटिंगमध्ये. मग जेवायला. मग परत मीटिंगमध्ये. बिरू पिकअपच्या सावलीत बसून मावळतीचा माळ बघत होता.

चार वाजता फोन आला. फौजदार पळत आला, त्याला आमच्याइतकाच आनंद झालेला. “जा रे, घेऊन जा. साहेब म्हणाले, सोडून टाक.”

बिरूनं चावी लावली. मी माझ्या व्हॅनकडं पळालो. देऊळ तिथून पाऊण तासावर. वेळ हातात होता. आणि वळून बघतो तर मामा पिकअपच्या पुढ्यात, बॉनेटवर तळवे टेकून उभे.

“कागद?” मामा म्हणाले.

“कसला कागद?” फौजदार म्हणाला. “काही झालंच नाही.”

“सकाळी आठपासनं मानूस हितं हाय, आन काईच झालं न्हाई? साहेब, संशय आला न्हवं? मग झडती घ्या. पंच बोलवा. काय घावलं न्हाई आसं लिवा, आन नक्कल द्या. त्याबिगर गाडी हालनार न्हाई.”

खरं सांगतो, त्या क्षणी मी मामांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्यांचाही पंचनामा झाला असता तर वही पुरली नसती. मी म्हणालो, “मामा, पाया पडतो. आज नको. सोडतायत, चला.” बिरू तर रडायच्या घाईला आला. “मामा, दिस कलतोय वो. माजा बा उबा हाय तितं.” मामांनी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांचे तळवे सुटले असते असं मला आज वाटतं. ते फौजदाराकडंच बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, तुमचा आर्धा तास. रीतीनं.”

मामांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. फौजदारानंही ऐकला असावा. तो म्हणाला, “पंच आणा.”

मग काय विचारता! रस्त्याच्या कडेची चहावाली मावशी पुढं आली. “माजी सही चालंल का? का बाई हाय म्हनून न्हाई?” मामा म्हणाले, “कायद्यात रहिवासी लिवलंय मावशी, मिशी लिवली न्हाई.” दुसरे पंच म्हणून जवळच्या वस्तीवरचे एक रिटायर सुभेदार मिळाले. मामांनी विचारलं, “गावात इज्जत हाय का?” सुभेदार छाती काढून म्हणाले, “फुल इज्जत. घरात थोडी कम हाय.” मामा म्हणाले, “घरात कुनाची हाय? चालतंय.” आणि मग एक गोष्ट घडली. कुणी काही म्हणायच्या आत फौजदारानं स्वतःचे खिसे पालथे करून पंचांपुढं धरले. रुमाल, पेन, आणि ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा. माणूस सकाळपासून तेवढ्यावरच होता. मावशीनं पंच असतानाही त्याला बळंच चहा पाजला. मामांनी त्यावर हरकत घेतली नाही.

शिपायानं मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. पोती सुटली, वारं आलं, आणि बघता बघता पंच, पोलीस, फौजदार, सगळे नखशिखांत पिवळे झाले. मामा सांगत होते, फौजदार लिहीत होता : “सदर पोती उघडून पाहिली असता त्यात पिवळ्या रंगाची, हळदीचा वास येणारी, चवीलाही हळदच असलेली हळद मिळून आली.” फौजदार म्हणाला, “काका, एवढं लागतं का?” मामा म्हणाले, “लागतं. उद्या कुनी म्हनलं बेसन हुतं, तर?” मामांच्या पिशवीतला कार्बन कागद खाली घातलेला होता. सह्या झाल्या, शिक्का बसला. मावशीचा अंगठा दोन्ही प्रतींवर हळदीचाच उठला. नक्कल बिरूच्या हातात आली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.

पुढं दोनच किलोमीटरवर कर्नाटकाचा नाका. तिथल्या दाढीवाल्या हवालदारानं बिरूला खूण करून बाजूला घ्यायला सांगितलं आणि म्हणाला, “एनु इदु?” हे काय? बिरूनं कागद पुढं केला. हवालदाराला मराठी वाचता येत नसावं. त्यानं कागद उलटा धरला होता. पण खालचा शिक्का त्यानं बघितला, सह्या बघितल्या, आणि पिवळा अंगठा बघितला. त्यानं त्या अंगठ्यावर आपलं बोट टेकवलं, बोट कपाळाला लावलं, आणि म्हणाला, “होगरी.” जावा. अर्धा मिनिट लागला नाही. आमच्या पुढचे तीन टेम्पो, ज्यांना अलीकडं नुसतं तोंडी सोडलं होतं, ते तिथं कडेला उभे होते आणि त्यांचे ड्रायव्हर झाडाखाली होते. मी मामांकडं बघितलं नाही. मला बघायची लाज वाटली.

माळावर पोचलो तेव्हा सूर्य निम्मा खाली गेला होता. भावकीतल्या एकानं आपलं पोतं सोडून ओंजळ भरून तयार ठेवली होती. म्हातारा तसाच पायरीवर, खांद्यावर घोंगडं. बिरू पोतं पाठीवर घेऊन धावला. म्हाताऱ्यानं पोत्यात हात घातला आणि मूठ वर फेकली, आणि मागून हजारो मुठी सुटल्या. सगळा माळ, देऊळ, माणसं, मेंढरं एका रंगाची झाली. त्या पिवळ्या धुरळ्यात मामा टोपी काढून हात जोडून उभे होते, आणि इतक्या माणसांत ते पहिल्यांदाच मला अंगानं बारीक दिसले.

परतीला आम्ही दोघंच होतो. उजेड थोडा शिल्लक होता. मामा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी इकडचं तिकडचं बोललो, पुकाऱ्याची तारीफ केली, हवालदारानं कागद उलटा धरल्याची गंमत सांगितली. मामा हसले नाहीत. शेवटी मला राहवेना. म्हणालो, “मामा, चार वाजता सोडत हुतं. समजा कर्नाटकाच्या नाक्यावर कुनी अडवलंच नसतं आन तुमच्या कागदापायी मान गेला आसता, मग?”

मामांनी पिशवीतल्या पुस्तकाचं खाकी कव्हर सारखं केलं. मग म्हणाले, “आमच्या थोरल्या भावाला आसंच बसवलं हुतं. बाजारातनं कुनाची तरी सायकल गेली म्हनून. मी ल्हान हुतो. आईनं साहेबाचं पाय धरलं, तवा सांजच्याला सोडला. तोंडी.”

“मग?”

“मग काय,” मामा म्हणाले. “दुसऱ्या दिशी परत नेला.”